व्हीआयए चाचणी: २४ गुणांची यादी चांगली, क्रमावर भरवसा बेतानं

व्हीआयए (मूळ नाव 'व्हॅल्यूज इन अ‍ॅक्शन') ही चाचणी ऑनलाइन आहे, मोफत आहे आणि पंधरा मिनिटांत होते. ९६ विधानं वाचायची, प्रत्येकासाठी पाचपैकी एक पर्याय निवडायचा, आणि शेवटी आपल्या स्वभावातल्या २४ गुणांची १ ते २४ अशी क्रमवार यादी हातात येते. यादी खरोखर चांगली आहे. क्रमावर मात्र लोक नको इतके विसंबतात. वरचे पाच म्हणजे मी आणि खालचे पाच म्हणजे माझ्यातली खोट, असा अर्थ लावून मोकळे होतात. यादीचा स्क्रीनशॉट फोनमध्ये पडून राहतो आणि चाचणीतून जे मिळण्यासारखं आहे ते हातचं जातं. आपल्याला काय सहज जमतं हे ज्यांना मनापासून समजून घ्यायचं आहे त्यांनी ही चाचणी जरूर द्यावी. फक्त ती कशी बेतलेली आहे हे आधी माहीत असावं.

या चाचणीमागचं वर्गीकरण मार्टिन सेलिगमन आणि ख्रिस्तोफर पीटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. मनाच्या आजारांची तपशीलवार वर्गवारी तेव्हा होती, माणसातल्या चांगल्याची तशी नव्हती. कन्फ्यूशियस, बुद्ध, ग्रीक तत्त्वज्ञ, हिंदू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरा चाळून त्यांनी सहा मोठे गट धरले: शहाणपण, धैर्य, माणुसकी, न्याय, संयम, आणि स्वतःपलीकडच्या गोष्टींशी असलेलं नातं. या सहांखाली २४ गुण. जुनी चाचणी २४० विधानांची होती, म्हणजे दर गुणाला दहा. आताची मोफत चाचणी ९६ विधानांची, दर गुणाला चार. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातली एक ना-नफा संस्था ती चालवते.

सुरुवातीला नाव आणि ईमेल देऊन खातं उघडावं लागतं. ईमेल चालू असलेला द्या, कारण यादी पुन्हा पाहायची तर त्याच खात्यातून पाहायची. चाचणी बऱ्याच भाषांत आहे. सुरू करण्याआधी भाषांची यादी नीट पाहा आणि जिच्यात एकाही शब्दाचा अर्थ शोधावा लागणार नाही ती निवडा. इंग्रजी ऑफिसात चालतं, पण 'सावधपणा' आणि 'भित्रेपणा' यांतली सीमारेषा परक्या भाषेत पटकन उमगत नाही, आणि उत्तर तिथंच चुकतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी चाचणी आहे. मुलाला मोठ्यांची देऊ नका.

आता बेतण्याबद्दल. ९६ विधानं सगळी होकारार्थी आहेत. म्हणजे प्रत्येक विधानात काहीतरी चांगलं सांगितलेलं असतं आणि ते तुम्हाला कितपत लागू पडतं एवढंच विचारलेलं असतं. उलट अर्थाचं विधान मध्ये पेरून माणूस वाचून उत्तर देतोय की नुसता टिचक्या मारतोय हे तपासण्याची सोय इथं नाही. याचा परिणाम दोन प्रकारच्या माणसांवर होतो. एक, ज्याला सगळंच 'हो, अगदी मीच' वाटतं. त्याचे चोवीसच्या चोवीस गुण वर जाऊन चिकटतात. दुसरा प्रकार आपल्याकडे फार आढळतो. स्वतःच्या तोंडानं स्वतःचं कौतुक करू नये हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप मधल्या पर्यायावर जातो. त्याचे सगळे गुण मध्ये गोळा होतात. दोघांच्याही हाती यादी येतेच, कारण संगणक काहीतरी क्रम लावणारच. पण तो क्रम पोकळ असतो.

यावर साधा उपाय आहे. विधान वाचलं की गेल्या तीन महिन्यांतला एक प्रसंग आठवायचा. प्रसंग चटकन आठवला आणि तसे आणखी दोन-तीन असतील तर वरचा पर्याय. एखादाच आठवला तर त्याखालचा. डोक्याला ताण देऊनही आठवेना तर मधला किंवा खालचा, आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. असं केलं की पाचही पर्याय वापरले जातात आणि गुणांमध्ये अंतर पडतं. पंधराऐवजी पंचवीस मिनिटं लागतील, लागू द्या.

आणखी एक चूक इतकी सर्रास होते की तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. उत्तर देताना माणूस नकळत फक्त पगाराच्या कामाचा विचार करतो. घर, शेजार, सोसायटी, मंडळ, नातेवाईक हे सगळं हिशेबातून गळतं. भिशी चालवणाऱ्या बाईचं उदाहरण घ्या. बाराजणी, दर महिना हजार रुपये, बारा महिने, दर महिन्याला चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. वरवर पाहता हे वहीतलं काम. पण ती काय काय करते ते बघा. पाच तारखेच्या आत पैसे जमवते, आणि जिचे राहिले तिचं नाव चारचौघींत घेत नाही. एकीच्या मुलीची फी जूनमध्ये भरायची असते हे तिला ठाऊक असतं. जूनची चिठ्ठी भलतीला निघाली तर त्या दोघींशी आधी वेगवेगळं बोलून अदलाबदल घडवते, आणि ती अदलाबदल सगळ्यांसमोर सांगून वहीत लिहिते, म्हणजे पुढे कुणाला शंका नको. नवीन बाई भिशीत घेताना तिची जामीनकी कोण देणार हे आधी विचारते. चाचणीच्या भाषेत इथं न्याय्यता आहे, सामाजिक समज आहे, प्रामाणिकपणा आहे, सावधगिरी आहे आणि नेतृत्वही आहे. पण हीच बाई नेतृत्वाच्या विधानांना 'मला लागू नाही' म्हणून पुढे जाते. गट सांभाळणं म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे कंपनीतला मॅनेजर येतो, स्वतःची भिशी येत नाही. यादीत नेतृत्व मग विसाव्या क्रमांकावर जातं आणि तिला ते खरंच वाटतं.

तेव्हा चाचणीला बसण्याआधी एका कागदावर आठवड्यात करता ती सगळी कामं लिहून काढा. पगाराची, बिनपगाराची, हौसेची, गळ्यात पडलेली. तो कागद शेजारी ठेवूनच उत्तरं द्या. माझ्या मते ही एवढी तयारी अहवालाचा दर्जा दुप्पट करते. शेजारी कुणाला बसवू नका. घरातलं माणूस स्क्रीनवर डोकावत असेल तर उत्तरं त्याला पटतील अशी होतात. मुलाखतीची तयारी चालू असलेल्या आठवड्यात आणि मोठ्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशीही नको.

क्रमावर भरवसा बेतानं ठेवा असं म्हणण्यामागे साधा हिशेब आहे. दर गुणाला चार विधानं, दर विधानाला १ ते ५ गुणांक. म्हणजे एका गुणाची बेरीज कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त २०. शक्य बेरजा झाल्या सतरा. गुण आहेत चोवीस. सतरा खुर्च्या आणि चोवीस माणसं. काहींना एकाच खुर्चीवर बसावंच लागणार. प्रत्यक्षात बरेच लोक खालचे दोन पर्याय फारसे वापरत नाहीत. तसं झालं तर बेरजा १२ ते २० मध्येच फिरतात, म्हणजे नऊ खुर्च्यांत चोवीस माणसं. मग पाचवा आणि अकरावा यांच्यात एका गुणांकाचाही फरक नसणं सहज शक्य आहे. मोफत अहवालात क्रम दिसतो, बेरीज दिसत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला हे कळत नाही. आज पाचवा असलेला गुण महिन्यानं नववा आला तर स्वभाव बदललेला नसतो, एखादं विधान 'अगदी मीच' वरून 'मीच' वर सरकलेलं असतं.

पहिल्या 'पाच'लाही तसा काही आधार नाही. माणसाचे ठळक, स्वतःचे म्हणावेत असे गुण साधारण ३ ते ७ असतात असं खुद्द पीटरसन आणि सेलिगमन यांचं म्हणणं होतं. पाच ही सोयीची संख्या आहे. म्हणून पहिले आठ-दहा गुण घ्या आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. हा गुण काढून घेतला तर मी मीच राहीन का? तो वापरायला मला जोर लावावा लागतो का? वापरून झाल्यावर मी थकतो की ताजातवाना होतो? तिन्हींची उत्तरं एकाच दिशेला असतील ते तुमचे. चिकाटी वर आलीय पण ती निव्वळ धाकानं आलेली आहे, हे तिसऱ्या प्रश्नाला लगेच बाहेर पडतं.

वरच्या जागांबद्दल अजून एक गोष्ट. ५४ देशांतल्या लाखाहून अधिक लोकांची उत्तरं एकत्र पाहून २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळपास सगळीकडे दयाळूपणा, न्याय्यता, प्रामाणिकपणा, कृतज्ञता आणि विवेक हे गुण वर होते, तर सावधगिरी, नम्रता आणि आत्मनियंत्रण तळाला. तेव्हा तुमच्या यादीत प्रामाणिकपणा दुसरा आणि आत्मनियंत्रण तेविसावं असेल तर तुम्ही बहुतेक माणसांसारखे आहात. लक्ष द्यावं ते या प्रवाहाविरुद्ध गेलेल्या गुणांकडे. सावधगिरी तिसऱ्या क्रमांकावर आली असेल तर ती खास तुमची गोष्ट आहे. तिथं थांबून विचार करा. आणि तळाचे गुण म्हणजे दोष असं ही चाचणी कुठंच म्हणत नाही. ती तुमची तुमच्याशीच तुलना करते. चोविसावा आलेला गुणही इतरांच्या मानानं भरपूर असू शकतो.

या चाचणीची सगळ्यात मोठी देणगी कुठली असेल तर शब्द. 'स्वभाव चांगला आहे', 'कष्टाळू आहे' यापलीकडे आपल्याबद्दल बोलायला शब्द नसतात, म्हणून रोजचे गुण डोळ्यांसमोरून निसटतात. फक्त अहवालातले शब्द जसेच्या तसे पाठ करू नका, आपल्या बोलण्यात आणा. 'पर्स्पेक्टिव्ह' हा गुण म्हणजे काय? ज्याच्याकडे घरातले, शेजारचे लोक निर्णय घेण्याआधी एकदा येऊन जातात तो माणूस. 'झेस्ट' म्हणजे सकाळी उठल्यापासून अंगात असलेली उमेद; सहलीची तयारी करतानाच जिला सहलीइतका आनंद होतो ती. 'सौंदर्य आणि उत्कृष्टतेची जाण' हे नाव लांबलचक आहे, पण आपल्याकडे त्याला फार सुंदर शब्द आहे: दाद देणं. मैफलीत योग्य जागेवर 'वा' निघते तो, आणि सुताराचा सांधा बघून त्यावरून बोट फिरवणाराही. 'सोशल इंटेलिजन्स' समजून घ्यायचं तर पंगतीत वाढणाऱ्याकडे बघा. भाताचं पातेलं घेऊन सगळेच फिरतात. पण एकाला लांबूनच दिसतं की तिसऱ्या पानावरच्या आजोबांना जिलबी आणखी हवीय आणि मागायला संकोच वाटतोय. तो दोन वाढतो, 'आग्रह मोडू नका' म्हणतो, म्हणजे मागितल्याचं ओझं आजोबांवर राहत नाही. शेजारी बसलेल्या मधुमेहवाल्या काकांच्या पानाजवळून तोच माणूस जिलबीचं ताट न थांबता पुढे नेतो आणि त्यांना मठ्ठा विचारतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, आणि हा काही गुण आहे असं त्याच्या स्वप्नातही नसतं.

निसर्गदत्त गुणांचं हेच अवघड आहे. जे विनासायास होतं त्याला आपण काम समजत नाही. म्हणून 'हे तर कुणालाही जमेल' असं तुम्ही ज्याबद्दल म्हणता, त्यावर खूण करून ठेवा.

आता चाचणी काय मोजत नाही ते. गळा, हात, आकड्यांची जाण, चेंडूचा अंदाज या क्षमता इथं नाहीत. वर्गीकरण करतानाच त्या मुद्दाम बाजूला ठेवलेल्या आहेत. कुठलं शिक्षण घ्यावं, कुठली नोकरी धरावी याचं उत्तर शोधत याल तर निराश व्हाल. दहावीच्या मुलामुलींसाठी राज्य मंडळानं २०१६ पासून काही वर्षं कल चाचणी घेतली. ती प्रामुख्यानं आवड कुठल्या क्षेत्राकडे आहे हे सांगायची. आवड एक, क्षमता दुसरी आणि स्वभावगुण तिसरे. एका चाचणीचा निकाल दुसऱ्या प्रश्नाला लावला की घरात नाहक वाद होतात. मुलाची क्षमता तपासायची असेल तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे समोरासमोर बसून होणारी अभिक्षमता चाचणीच घ्यावी.

पैसे देऊन घ्यायची प्रसिद्ध चाचणी म्हणजे गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीची क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स. नेब्रास्काचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लिफ्टन यांच्या कामातून ती उभी राहिली. ३४ प्रवृत्ती, चार गटांत. विधानांच्या १७७ जोड्या समोर येतात, प्रत्येक जोडीला २० सेकंद, आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. दोन चांगल्या गोष्टी समोरासमोर येत असल्यामुळे सगळ्याला 'हो' म्हणण्याची पळवाट इथं बंद होते. व्हीआयएपेक्षा ही रचना मला जास्त पक्की वाटते. क्लिफ्टन यांची मांडणीही स्वच्छ आहे: सहज, वारंवार उमटणारी वागण्याची तऱ्हा ही प्रतिभा, आणि तिच्यात सराव, ज्ञान ओतलं की ती बलस्थान होते. अर्ध्यापाऊण तासाची सलग सवड आणि न तुटणारं इंटरनेट असेल तरच बसा. २० सेकंद संपले की पुढची जोडी येते, आणि फोन वाजला तर ती जोडी गेली.

किंमत मात्र डॉलरमध्ये आहे. पहिल्या पाचांचा अहवाल गेली काही वर्षं २५ डॉलरच्या आसपास आणि पूर्ण ३४ चा ६० च्या आसपास राहिला आहे. भरण्याआधी त्या दिवसाचा दर आणि कार्डाचे वरचे आकार पाहून घ्या. या चाचणीच्या पुस्तकात शेवटी बंद पाकिटात एक कोड असतो, तो एकदाच चालतो. फोर्टच्या फुटपाथवर किंवा अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत स्वस्तात मिळाली तर वाचायला घ्या, चाचणीसाठी नको. पाकीट फाटलेलं असेल तर कोड वापरला गेला आहे असंच समजा.

तुमचे पहिले पाच त्याच क्रमानं दुसऱ्या कुणाचे असण्याची शक्यता ३ कोटी ३० लाखांत एक, असं या चाचणीबद्दल सांगितलं जातं. हा आकडा म्हणजे ३४ × ३३ × ३२ × ३१ × ३०, बरोबर ३,३३,९०,७२०. गणित खरं आहे, पण सगळ्या जोडण्या सारख्याच वेळा येतात असं त्यात धरलेलं आहे, आणि क्रमालाही पूर्ण वजन दिलेलं आहे. क्रम सोडला तर उरतात २,७८,२५६ जोडण्या. आकडा ऐकून भारावून पैसे भरू नका. कामाच्या ठिकाणी टीमबरोबर वापरायची असेल तर भरा. तिथं तिचा उपयोग होतो, कारण सगळ्यांना एकच शब्दसंग्रह मिळतो आणि कुणाला कुठलं काम द्यावं यावर बोलता येतं. एकट्यासाठी आधी व्हीआयए पुरे.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि कल सांगणारी शिबिरं शाळांत, प्रदर्शनांत भरतात, काही हजार रुपये घेतात आणि रंगीत पन्नास पानी अहवाल देतात. आईवडिलांनी कृपा करून यापासून दूर राहावं. ठशांच्या रेषा बाळ पोटात असतानाच तयार होतात आणि आयुष्यभर तशाच राहतात हे खरं, म्हणूनच त्या ओळख पटवायला उपयोगी. पण त्यांच्यावरून गणित येईल की संगीत येईल हे सांगता येतं याला मान्य असा शास्त्रीय पुरावा नाही. अहवालातली वाक्यं इतकी गुळगुळीत असतात की कुठल्याही मुलाला लागू पडावीत. नुकसान पैशांचं तर होतंच, पण 'हिला गणित नाही' हे एकदा छापून आलं की ती मुलगी ते खरं करून दाखवते, आणि हे फार वाईट आहे.

यादी हातात आल्यावर पुढे काय, हा भाग चाचणीच्या संकेतस्थळावर असूनही लोक वाचत नाहीत. सेलिगमन, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ऑनलाइन प्रयोग प्रसिद्ध केला होता; ५७७ प्रौढ, वेगवेगळे गट, एक आठवड्याचा सराव, मग सहा महिने मागोवा. एका गटाला आपले वरचे गुण ओळखून ते जास्त वापरायला सांगितलं. त्यांना बरं वाटलं, पण ते टिकलं नाही. दुसऱ्या गटाला वरचा एक गुण रोज नव्या तऱ्हेनं वापरायला सांगितलं. त्यांचा आनंद वाढलेला आणि खिन्नता कमी झालेली सहा महिन्यांनंतरही दिसली. भाग घेणारे स्वतःहून आलेले, आनंदी व्हायची इच्छा असलेले लोक होते, हे लक्षात ठेवून निष्कर्ष घ्यावा. आणि खरं नैराश्य असेल तर डॉक्टरकडेच जावं. तरीही 'नव्या तऱ्हेनं' हे दोन शब्द मोलाचे आहेत.

सात दिवस, रोज एक. कुतूहल वर असेल तर रोजच्या भाजीवाल्या मावशींना विचारा की मार्केटला किती वाजता जाता आणि उरलेल्या पालेभाजीचं काय करता. दाद देणं वर असेल तर ऑफिसात ज्याचा अहवाल नेहमी नीटनेटका असतो त्याला नेमकं काय आवडलं ते सांगा. 'छान' नको, 'तिसऱ्या तक्त्यात गेल्या वर्षीचे आकडे शेजारी दिले त्यामुळे वेळ वाचला' असं. चिकाटी असेल तर सहा महिने रखडलेल्या एका सरकारी कागदाचा पाठपुरावा रोज पंधरा मिनिटं. रात्री एक ओळ लिहा: काय केलं, किती वेळ, नंतर कसं वाटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी नवं सुचेनासं होतं. तेव्हा गुण तोच ठेवून माणूस बदला. घरात वापरत असाल तर कामावर, ओळखीच्यांत वापरत असाल तर अनोळखी माणसाशी.

वरचा गुण जास्त झाला की तोच त्रास देतो, हेही याच आठवड्यात दिसेल. प्रामाणिकपणाचा फटकळपणा होतो, दयाळूपणातून 'नाही' म्हणता येत नाही, कुतूहल नको तिथं नाक खुपसतं, सावधगिरीची चालढकल होते. घरचे ज्या सवयीवरून सतत टोकतात ती बहुतेक वेळा तुमच्या पहिल्या तिनांतल्या एखाद्या गुणाचीच जादा मात्रा असते. यादी आणि ती टोचणी शेजारी ठेवून बघा.

विकतचा व्हीआयए अहवाल घ्यावा का? पहिल्या महिन्यात नको. गुणांची वर्णनं आणि सराव सुचवणारं साहित्य मोफतमध्ये पुरेसं आहे. सात दिवस केले, आणखी खोलात जावंसं वाटलं, तर मग घ्या.

त्यापेक्षा फुकट आणि जास्त बोलकी गोष्ट म्हणजे बाहेरचं मत. मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी यासाठी एक पद्धत बसवली आहे: १० ते २० ओळखीच्यांकडून प्रत्येकी तीन प्रसंग मागवायचे, ज्यांत तुम्ही तुमच्या उत्तम रूपात होतात. आपल्याकडे 'माझे गुण सांगा' म्हटलं की समोरचा अवघडतो आणि 'तू फार गुणी आहेस' एवढ्यावर सुटका करून घेतो. म्हणून गुण विचारू नका, प्रसंग विचारा. असा निरोप चालेल:

"काकू, एक काम आहे. मी कुणाच्या तरी उपयोगी पडले आणि ते तुमच्या लक्षात राहिलं, असे दोन-तीन प्रसंग आठवतील तसे सांगाल का? कौतुक नको, काय झालं तेवढंच. बोलून पाठवलंत तरी चालेल, घाई नाही."

दहाजणांना पाठवलात तर सहा-सातजण उत्तर देतील असं धरा. घरचा एक, नात्यातले दोन, कामावरचे तीन, जुना शेजारी, शाळेतला मित्र अशी सरमिसळ ठेवा. एकाच गोटातली माणसं एकच बाजू सांगतात. आलेला प्रत्येक प्रसंग एका चिठ्ठीवर एका ओळीत लिहा आणि चोवीस गुणांपैकी जो बसेल त्याचं नाव खाली लिहा. मग सगळ्या चिठ्ठ्या यादीशेजारी मांडा. चौदाव्या क्रमांकावरचा एखादा गुण तीन वेगवेगळ्या माणसांच्या चिठ्ठ्यांवर आला असेल, तर पेन्सिल घ्या आणि तो पहिल्या पाचांत लिहा.